अकरा नावांचं तिकीट

नाखवा दुकानात आले की खुर्चीवर बसायच्या आधी माझ्या टाइपरायटरला कान लावायचे. अगदी वाकून, गाल पत्र्याला टेकवून. मी हात थांबवला की म्हणायचे, "थांबू नको बाय, चालू ठेव." मग अर्धं मिनिट डोळे मिटून ऐकायचे आणि निदान सांगायचे. "डाव्या अंगाचा एक स्क्रू सैल जालाय." नाहीतर, "मशीन बरी हाय, तूच थकलीस." दोन्ही वेळा त्यांचं बरोबर निघायचं, आणि दुसऱ्या वेळी मला राग यायचा.

वसंत नाखवा कोपरीच्या कोळीवाड्यातले. बुटके, धनुकलीसारख्या पायांचे. पायात बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात, शर्टाच्या आत, काळ्या दोऱ्यात ओवलेली पंचाची शिट्टी. नोकरी विमान कंपनीत, वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची. तिथेही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते बिघाड शोधायचे म्हणे. पण ही सवय नोकरीची नव्हती, बापाची होती. बाप खाडीच्या तोंडाशी होडी घेऊन जायचा तेव्हा वल्हं पाण्यात उभं धरायचा आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावून घोळ मासा कुठल्या बाजूला आहे ते सांगायचा. घोळ पाण्याखाली आवाज करतो. "मासा दिसाच्या आधी आयकू येतो, बाय," नाखवा सांगायचे. "दिसला म्हंजे गेलाच."

माझं दुकान म्हणजे वडिलांनी कोपरीत घेतलेला आठ बाय दहाचा गाळा. 'टायपिंग व जॉबवर्क' अशी पाटी, दोन मशीनं, एक पंखा. वडील गेल्यावर मी ते चालवायला घेतलं तेव्हा चोविशीची होते. भाडेकरार, शाळेचे दाखले, सासूने सुनेविरुद्ध केलेले अर्ज, असलंच काम. त्यात एक दिवस हा माणूस आला आणि म्हणाला, "एक इंग्रजी पत्र टाक. फुटबॉलच्या वर्ल्डकपच्या हाफिसला. इचार, आत बसून फायनल बगाचा काय पडंल."

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांचं म्हणणं तसं सरळ होतं. विमान कंपनीच्या नोकरांना दरवर्षी फुकट प्रवास मिळायचा. त्याला ते लोक 'सबलोड' म्हणत. म्हणजे विमानात जागा उरली तर तुम्ही बसायचं, नाही उरली तर पिशवी उचलून घरी यायचं. तेव्हा जाणंयेणं फुकट होतं. राहायचीही सोय ते कुठल्या ना कुठल्या सहकाऱ्याच्या नातेवाइकाकडे लावणार होते. राहता राहिलं मैदानाच्या दाराचं तिकीट. "अर्धी दुनिया इमानानं फुकट उरून जाईन," ते म्हणाले, "पन शेवटची चार पावलं पैशानं टाकावी लागनार."

फायनलच का, हे कळायला मला त्यांचं मैदान बघावं लागलं. कोपरीच्या पलीकडे तेव्हा मिठागरं होती. त्यातला एक बंद पडलेला चौकोन म्हणजे यांचं ग्राउंड. जमीन आरशासारखी सपाट, पण खाडीच्या पातळीवर. उधाणाची भरती आली की पाणी बांधाच्या फटीतून आत यायचं. नाखवा तिथे पंच. हातात घड्याळ नसायचं, डोक्यात तिथी असायची. आज द्वितीया, म्हणजे अमुक वाजता पाणी. पण खेळाडू सगळे कामावरून सुटून येणार, कुणी उशिरा, कुणी बूट विसरून. मॅच रंगात यायची आणि बांधावरून कुणीतरी ओरडायचं, "पानी आला रे!" मग सगळे चपला उचलून पळायचे. त्या मैदानावर नव्वद मिनिटं पुरी झालेल्या मॅचेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

नाखवा स्वतः खेळायचे तेव्हाचीही एक गोष्ट होती, आणि ती ते प्रत्येकाला सांगायचे. कोपरीच्या अकरा जणांचा संघ, समोर कल्याणचा संघ, फायनल, एक एक बरोबरी. शेवटची पाच मिनिटं, चेंडू नाखवांच्या पायात, समोर फक्त गोलकीपर. आणि पाणी आलं. "मी लाथ मारली, तं बॉल तरंगला," ते सांगायचे. "तरंगत तरंगत बांधाला जाऊन लागला." चषक सहा महिने कोपरीत आणि सहा महिने कल्याणात ठेवायचं ठरलं. पहिले सहा महिने कल्याणचे होते. तो चषक मग कोपरीला आलाच नाही.

"मना एकदा शेवटची शिट्टी आयकाची हाय," नाखवा म्हणाले. "खरी. पुरी मॅच जाल्यावरची. सगल्यात मोठ्या मॅचची."

"टीव्हीवर ऐका की."

"टीव्हीवर त्यो मानूस बोलत बसतो ना मधी. आनि लाईट."

लाइटचं खरं होतं. कोपरीत तेव्हा लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा.

त्या पहिल्या पत्राचं उत्तर आलं. जाड कागद, वर रंगीत शिक्का. त्यात तिकिटांचे दर होते. मी रुपयात करून सांगितले. नाखवांनी मान डोलावली आणि म्हणाले, "जमंल. या टायमाला नाय, म्होरच्या टायमाला." तो वर्ल्डकप मेक्सिकोत होता आणि तिथे त्यांच्या कंपनीचं विमान जातच नव्हतं. पण दर ऐकून त्यांचा चेहरा उजळला होता. मला अजून आठवतं, कारण त्यानंतर दर ऐकून तो कधी उजळला नाही.

नाखवा पैशाच्या बाबतीत कंजूष नव्हते, पण खेळाला दार लावलेलं त्यांना सोसायचं नाही. एकदा मी मामाकडे शहाडला गेलेले. तिथल्या एका गिरणीच्या मैदानावर स्पर्धा होती आणि पंच म्हणून नाखवांना बोलावलेलं. मामा मला घेऊन गेले. बघते तर मैदानाला चारी बाजूंनी कापडी कनात, दारात टेबल, टेबलावर तिकिटं. गिरणीच्या चाळीतली माणसं, बायका, सगळी बाहेर. कनातीला भोकं पाडून बघताहेत. आत दोन्ही संघ उभे, नाखवा मध्ये चेंडूवर पाय ठेवून. शिट्टी काही वाजेना.

आयोजक धावत गेले. "काय झालं नाखवा?"

"एक बाजू उघडी करा साहेब."

"अहो, तिकीट लावलंय! खर्च कुठून काढणार?"

नाखवांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "मंग शिट्टी तुमी वाजवा. माझ्या तोंडून निघत नाय."

पाच-सात मिनिटं वाद झाला. मग दोघंतिघं गेले आणि चाळीकडच्या बाजूची कनात बांबूवर गुंडाळून ठेवली. त्या बाजूने जो काही गलका उठला, तो गोल झाल्यावरही उठला नसेल. नाखवांनी शिट्टी परत घेतली, सदऱ्याला पुसली आणि वाजवली. मामा मला म्हणाले, "हा माणूस तुझ्या ओळखीचा?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

इटलीच्या वर्ल्डकपच्या वेळी सगळं जुळून आलं. फायनल रोममध्ये, कंपनीचं विमान रोमला जात होतं, आणि वर्कशॉपमधल्या फर्नांडिसचा भाऊ तिथे एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्यानेच तिकिटाचा फॉर्म मिळवून पाठवला. दर मागच्यापेक्षा वाढले होते. एकट्या नाखवांना झेपण्यासारखे नव्हते, पण त्यांनी वाट काढली होती.

जुन्या संघातले अकराच्या अकरा तेव्हा हयात होते. नाखवांनी त्यांना बांधावर बसवलं आणि सांगितलं, मॅच वाट्यावर बघायची. मासेमारीत असतं तसं. जे मिळेल त्यात एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा आणि माणसामागे एक. नाखवांच्या बापाच्या होडीवर तर आजारी पडून घरी राहिलेल्याचाही वाटा निघायचा. विमान नाखवांचं, म्हणून डोळे नाखवांचे. पण मॅच अकरा जणांची. परत आल्यावर त्यांनी बांधावर बसून पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सगळं सांगायचं, काही राखून ठेवायचं नाही. सगळ्यांनी आपापला वाटा आणून दिला. एकाने बायकोच्या नकळत दिला, तेही दोन दिवसांत सगळ्या कोळीवाड्याला माहीत झालं.

नाखवा फॉर्म घेऊन आले. मी मशीनवर चढवला. नावाची चौकट आली.

"नाव सांगा. वसंत..."

"थांब." त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर अकरा नावं. "ही सगली टाक."

"नाखवा, तिकीट एक आहे. एकच नाव चालत असेल."

"पैसा अकरांचा हाय. मंग नाव एकाचाच कसा?"

"अहो, पण तिकडच्या लोकांना..."

"तिकडच्या लोकांना पन कललं पायजे ना, का कोन कोन आलाय."

मी अजून थोडा वाद घालायला हवा होता. मला आत कुठेतरी ठाऊक होतं की हे चालणार नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या चौकटीचीच भुरळ पडली. एवढ्याशा जागेत अकरा नावं बसवायची! मी रोलर अर्धं अर्धं घर फिरवून, ओळी चिकटवून, आडनावांची आद्याक्षरं करून ती बसवली. एक अक्षर रेघेबाहेर गेलं नाही. नाखवांनी फॉर्म उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "वा! पुरी टीम उबी हाय." मी त्या दिवशी त्यांच्याकडून टायपिंगचे पैसे घेतले नाहीत.

दोन-अडीच महिन्यांनी फॉर्म परत आला. सोबत बँकेचा ड्राफ्टही परत. पत्र अगदी सभ्य होतं. एका तिकिटावर एकच नाव घालता येतं. फॉर्म दुरुस्त करून पाठवावा, मात्र सगळ्यात स्वस्त जागा आता संपल्या आहेत, तेव्हा वरच्या दराची रक्कम अमुक तारखेच्या आत भरावी. वरचा दर जवळजवळ दुप्पट. परदेशी चलनाचा ड्राफ्ट काढायचा तर तेव्हा बँकेत हजार कागद लागत. त्यात पत्र हाती पडलं तेव्हाच ती तारीख उलटून चार दिवस झाले होते.

मी पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलावंच, असंही वाटलं. नाखवांनी परत आलेला फॉर्म हातात घेतला, त्या चौकटीवरून बोट फिरवलं. "नावं मातुर झ्याक बसवलीस, बाय," म्हणाले, आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून मला चोर असल्यासारखं वाटत आलं आहे. एकदाच, त्या एकाच वेळी, तिकिटाचा दर या माणसांच्या हाताशी आला होता, आणि मी चौकट भरण्याच्या नादात तो घालवला.

कारण त्यानंतर दर कधीच हाताशी आला नाही.

अमेरिकेच्या वर्ल्डकपपर्यंत रुपया घसरला. नाखवांना ते सगळं वर्तमानपत्रातलं कळायचं नाही, मलाही धड कळायचं नाही. पण तिकडे डॉलरमध्ये दर वाढला होता आणि इकडे डॉलर स्वतःच महाग झाला होता, म्हणजे दोन्हीकडून मार. मी आकडा सांगितला तेव्हा हिरावहिनी, म्हणजे नाखवांची बायको, दुकानातच होत्या. मासळीची रिकामी पाटी दाराशी ठेवून टेकल्या होत्या. त्यांनी आकडा दोनदा वदवून घेतला.

"एवऱ्याचा तं होडीला नवीन जाला यल," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, "काय गं, तिकडं भांडाला कोन मिलत नाय का? मी पापलेटाचा दर सांगितला का गिऱ्हाईक दहा शब्द आयकवतं. मंग मी उतरते. यांना कोनी आयकवतच नाय?"

नाखवांनी माझ्याकडे बघितलं. मी नाखवांकडे.

आणि मग आम्ही तिघांनी मिळून घासाघिशीचं पत्र लिहिलं. मला सांगायला लाज वाटत नाही. मी माझं सगळं इंग्रजी पणाला लावलं. अर्जदार जुना खेळाडू व पंच आहे, दोन वर्षांत निवृत्त होणार आहे, बसायला जागा नसली तरी चालेल, उभा राहील, खांबाआडची जागाही चालेल, तरी दरात काही कमीजास्त व्हावं. हिरावहिनींनी शेवटी घालायला लावलं की अर्धी मॅच झाल्यावर आत सोडलं तरी चालेल. बाजार उठताना त्या उरलेली मासळी अर्ध्या दरात द्यायच्या, त्यावरून त्यांना सुचलेलं. नाखवांनी मोठ्या विश्वासाने ते पत्र पोस्टात टाकलं.

उत्तरादाखल एक चकचकीत रंगीत पुस्तक आलं. त्यात जेवणासकट फायनल बघायच्या खास जागा होत्या, काचेच्या खोलीतल्या, गुबगुबीत खुर्च्यांच्या. दर आमच्या दराच्या कितीतरी पट. बहुधा ज्यांनी ज्यांनी पत्र लिहिलं त्या सगळ्यांना ते पुस्तक गेलं असेल. पण मला वाटलं, कुणीतरी आमच्या तोंडावर दार आपटलं. मी इतकी संतापले की ते फाडणार होते. नाखवांनी हातातून काढून घेतलं. "कागद चांगला हाय," म्हणाले. त्यांच्या घरी पुढे कितीतरी दिवस देवाच्या फळीवर तोच कागद अंथरलेला होता.

ते निवृत्त झाले. मिठागरावर भराव पडायला लागला, ट्रकमागून ट्रक. ग्राउंडचा चौकोन बुजला, फक्त खाडीकडचा बांध उरला. अकरातले पाच जण गेले. माझ्या शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर आले आणि माझ्याकडे येणारी माणसं त्यांच्याकडे वळू लागली. नाखवा मात्र येत राहिले, मशीनला कान लावत राहिले. एकदा म्हणाले, "खरी बिघडली नाय. उपाशी हाय."

फ्रान्सचा वर्ल्डकप आला तेव्हा त्यांच्या हातात फुकट प्रवासाचा शेवटचा पास होता. निवृत्तीनंतर काही वर्षंच तो मिळायचा, ती संपत आली होती. तिकिटं सरळ मिळण्याची आशा या वेळी नव्हतीच. मुंबईतला एक एजंट फायनलचं तिकीट देतो असं कुणीतरी सांगितलं. मी दुकान बंद ठेवून नाखवांबरोबर गेले. एसी ऑफिस. टाय लावलेल्या पोराने आकडा सांगितला. सांगताना त्याने नाखवांच्या बुटांकडे बघितलं, ते मला दिसलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की जिवंत असलेल्या सहा जणांनी आणि मेलेल्या पाच जणांच्या घरच्यांनी मिळूनही तो उभा राहिला नसता. नाखवांनी त्या पोराला विचारलं, "ये अजून वारनार?" पोरगा म्हणाला, "अंकल, हर दिन बढ़ रहा है."

जिना उतरताना नाखवा मधल्या पायरीवर थांबले. "भरती असती बाय, तं उतरली असती. ये पानी उतरतच नाय." माझ्याकडे एक मशीन होतं आणि ते पत्रं लिहायचं. पत्रांचे दिवस संपले होते.

चार दिवसांनी ते परत आले. पॅरिसला जायचंच, हिरावहिनींनी बजावलं होतं, पास फुकट घालवू नका. तिकीट नाही तर नाही. व्हिसाचे कागद मी टाइप केले. शेवटी त्यांनी जुनाच यादीचा कागद पुढे केला. "ही नावं टाक. कोऱ्या कागदावर. या टायमाला मोकली मोकली टाक, चौकट नाय."

मी अकरा ओळींत अकरा नावं टाकली. गेलेल्या पाच जणांचीही, वरखाली न करता. एक कार्बन प्रत सवयीने माझ्या फाइलला लावली.

नाखवा गेले आणि दहा दिवसांनी परत आले. दुपारी दुकानात आले तेव्हा मशीनला कान लावला नाही. थेट खुर्चीत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गेटावरच्या मानसाला कागद दाखवला. त्यानं वाचला. सगली नावं वाचली, बाय, बोट ठेवून. त्याची भाशा मना येत नाय, माझी त्याला. मंग त्यानं मान हालवली. चांगला मानूस व्हता. त्याच्या हातात काय नव्हता."

"मग?"

"मंग मी जरा लांब जाऊन हुबा रायलो. तिथं लोखंडाचा कठडा व्हता, भिंतीतून बाहेर आलेला. त्याला कान लावला." एवढं सांगून ते जरासे हसले. "तीनदा मोठा आवाज आला. तिन्ही येकाच अंगानं. तवाच मना कललं कोन जिंकतंय."

"आणि शिट्टी?"

"नाय आयकू आली. आत गलकाच एवढा. गाड्यांचे हॉर्न वाजाला लागले तवा समजलो, संपली."

मग त्यांनी पिशवीतून एक कागदी पुडी काढली. विमानात उलटीसाठी देतात ती. तिच्यातून त्यांनी टेबलावर मॅचची तिकिटं ओतली, टोकाला फाडलेली, काही बुटांखाली आलेली, एक पावसात भिजल्यासारखं लिबलिबीत. लोक बाहेर पडताना टाकून गेले, ती त्यांनी वेचली होती.

"पिवल्या शर्टवाल्यांनी टाकली," ते म्हणाले. "हरलेल्यांनी. जिंकलेला कोन तिकीट टाकतो? अकरा जमवाला लय येल लागला."

प्रत्येकावर किंमत छापलेली होती. त्यासाठीच ते माझ्याकडे आले होते. "ही येकेक मी घरोघर देनार. वाटा हाय त्यांचा. पन किंमत नको दिसाला. आपला सदा गेला ना, त्याची म्हातारी आकडा बगून रातभर झोपनार नाय."

मी एकेक तिकीट रोलरवर चढवलं आणि किमतीवर इंग्रजी एक्सची ओळ मारली. एक्स, एक्स, एक्स. खालचा आकडा दिसेनासा होईपर्यंत, दोनदा, तीनदा. इतकी वर्षं मी तो आकडा रुपयात करून त्यांना सांगत आले होते. तो पुसण्याचंही काम माझ्याकडेच आलं. मला रडू येत होतं आणि मशीन चालू होतं म्हणून ते ऐकू गेलं नाही, असं मी धरून चालते. नाखवांचे कान लक्षात घेता तसं नसणार.

काम झालं. त्यांनी तिकिटं पुडीत भरली. त्यातलं एक, त्यातल्या त्यात कोरं, माझ्यापुढे ठेवलं.

"ये तुझा."

"मला कशाला?"

"जाला इननाऱ्याचा वाटा असतो," ते म्हणाले. मी मासे पकडणारी नाही, मला जाळं विणता येत नाही, पण त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही दिलं असं वाटलं. मी ते पर्समध्ये ठेवलं. त्यांनी मशीनवर हलकेच थाप मारली आणि गेले.

संध्याकाळी दुकान बंद करताना फाइल आवरत होते, तर ती कार्बन प्रत वर आली. मी उगाच नावं मोजली, नाखवांचं धरून. अकरा. मी एक्स किती तिकिटांवर मारले ते आठवलं. अकरा. म्हणजे दहा घरं आणि मी.

मी तशीच शटर ओढून निघाले. कोळीवाड्यात नाखवांच्या दारात हिरावहिनी बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाटून आला सगल्यांना. बांधावर गेलाय." मी विचारलं, "त्यांनी स्वतःला ठेवलं ना एक?" त्या म्हणाल्या, "त्याला का करायचाय? त्यो म्हनला, मी तं जाऊनच आलोय."

बांधाच्या एका बाजूला भराव, दुसऱ्या बाजूला खाडी. उरलेले पाच जण ओळीने बसले होते, आणि त्यांच्यासमोर उभे राहून नाखवा मॅच सांगत होते. न बघितलेली मॅच. गेटावरचा माणूस, कठडा, कान, पहिला आवाज. त्यांनी लपवलं काहीच नाही आणि वाढवलंही काही नाही. तीन आवाज झाले. म्हातारे ऐकत होते, प्रत्येकाच्या खिशातून तिकिटाचं टोक वर आलेलं. मी तिकीट परत द्यायचं म्हणून पर्स उघडून मागे उभी होते.

"आनि शिट्टी?" त्यातल्या एकाने विचारलं. "शेवटची कशी वाजली? वाजवून दाखव ना."

नाखवांनी काळा दोरा ओढला. शिट्टी बाहेर आली. ती त्यांनी ओठांपर्यंत नेली. पाचही जण पुढे वाकले, मीसुद्धा. मग नाखवांनी ती खाली घेतली.

"मी आयकली नाय," ते म्हणाले. "तं कशी वाजवू?"

आणि शिट्टी परत सदऱ्यात टाकली.

जो माणूस न ऐकलेली शिट्टी वाजवत नव्हता, तो अकरा मोजताना चुकला असेल का? त्यांना सगळं ठाऊक होतं. मी ते तिकीट पुढे केलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं, आणि त्या पाच जणांना कळलं असतं की नाखवांच्या हाती काहीच उरलं नाही. मी पर्स मिटली. तेवढ्यात बांधाच्या खालच्या दगडांना पाणी लागलं. नाखवांनी मान वळवून बघितलं आणि सवयीने म्हणाले, "आला." पण या वेळी कुणी उठलं नाही. पळायला मैदान नव्हतं.

ते मी त्यांना शेवटचं बघितलं. पुढच्याच महिन्यात मी गाळा विकून डोंबिवलीला भावाकडे गेले, आणि नाखवा दिवाळीआधी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. तिकीट माझ्याकडे आहे. एक्सच्या ओळीखालचा आकडा आता उन्हात धरला तरी दिसत नाही. ते परत कुणाला द्यायचं, हे मला अजून समजलेलं नाही.